छंद आणि प्रवेशअर्ज

मराठीत छंद लागतो, छंद जडतो. छंद कोणी राबवीत नाही. राबविला जातो तो उपक्रम. या क्रियापदांमधील अंतर केवळ व्याकरणाचे नव्हे. छंद लागतो असे म्हणताना माणूस वाक्याचा कर्ता राहत नाही. काहीतरी बाहेरून येऊन त्याला धरते आणि तो धरला जातो. म्हणूनच जुन्या घरांतून ‘त्याला तबल्याचा नाद आहे’ हे वाक्य निम्म्या कौतुकाने आणि निम्म्या काळजीने उच्चारले जाई. उपक्रमाचे तसे नाही. त्याला आरंभ असतो, उद्दिष्ट असते, पदाधिकारी असतात आणि शेवटी अहवाल असतो. विसाव्या शतकात काही विद्यापीठांनी प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याला गुणांपलीकडचे विचारण्यास आरंभ केला, तेव्हा त्यांना जाणून घ्यावयाचे होते छंदाविषयी. विचारले गेले ते उपक्रमांविषयी. ‘अभ्यासेतर उपक्रम’ या शब्दप्रयोगात ही गफलत साठून राहिली आहे. अर्थात, छंदाला मोजणीचे मुळातच वावडे आहे असे मात्र समजू नये. आवड, इच्छा हा अर्थ वाहणारा हाच शब्द पद्याच्या मापालाही चालतो, आणि मोजणीवाचून तो छंद सिद्ध होत नाही. मोजतो कोण, कशासाठी मोजतो, आणि आपण मोजले जाणार हे कळल्यावर मोजली जाणारी वस्तू तीच राहते काय, हे पाहणे अधिक महत्त्वाचे.

या मोजणीचा सर्वांत विस्तृत प्रयोग अमेरिकेत झाला. तेथील शेकडो महाविद्यालये आज जो सामाईक प्रवेशअर्ज स्वीकारतात, त्याचा आरंभ १९७५ मध्ये पंधरा महाविद्यालयांनी एकत्र येऊन केला. या अर्जात उपक्रमांसाठी दहा रकाने असतात. उपक्रमाचा प्रकार, भूषविलेले पद, संस्थेचे नाव, आठवड्याला किती तास, वर्षाला किती आठवडे, हे प्रत्येक रकान्यात भरावयाचे. आणि प्रत्यक्षात काय केले ते १५० अक्षरचिन्हांत सांगावयाचे. शब्दांमधील रिकाम्या जागाही या दीडशेंत धरल्या जातात. साहित्याच्या अभ्यासकाने या मजकुराकडे एक लघुवाङ्मयप्रकार म्हणून पाहण्यास हरकत नाही. शिलालेखाचा आटोपशीरपणा आणि आत्मचरित्राची हौस यांचा तो संकर आहे. विशेषणांना जागा नसल्यामुळे क्रियापदे दाटीवाटीने येतात: स्थापन केले, नेतृत्व केले, निधी उभारला, प्रशिक्षण दिले. या प्रकाराचा अलिखित संकेत असा की, नायक कधीही कंटाळत नाही आणि त्याचे काहीही अर्धवट राहत नाही. उन्हाळ्याच्या दुपारी नुसते पडून राहणे, एकच राग दोन वर्षे बिघडवीत राहणे, नदीकाठी दगड गोळा करणे, यांना रकाना नाही. ज्या मुलीने शाळेची चार वर्षे ग्रंथालयात बसून एकामागून एक कादंबऱ्या वाचून काढल्या, तिला ‘पद’ या शब्दापुढे काय लिहावे असा प्रश्न पडतो. तिचे वाचन एखाद्या वाचकमंडळाचे अध्यक्षपद झाल्यावाचून त्या अर्जात नीटसे मावत नाही.

हा अर्ज उत्क्रांत कसा झाला याचा इतिहास मोठा उद्‌बोधक आहे. जेरोम काराबेल या समाजशास्त्रज्ञाने हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांची जुनी दप्तरे तपासून ‘द चोझन’ या २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तो तपशिलाने मांडला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी या विद्यापीठांचा प्रवेश मुख्यतः परीक्षेवर अवलंबून होता. परीक्षा फार कठीण नसे. ती देणारी मुले बहुतांशी मोजक्या खाजगी शाळांतून आणि ओळखीच्या घरांतून येत. उत्तीर्ण होणाऱ्याला जागा मिळे. हे सुरळीत चालले होते तोवर अर्जदाराच्या चारित्र्याची चिंता कोणाला पडली नाही. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू स्थलांतरितांची मुले न्यूयॉर्क आणि बॉस्टनच्या सार्वजनिक शाळांत शिकून त्याच परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण होऊ लागली, तेव्हा ती पडली. हार्वर्डच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांत ज्यूंचे प्रमाण १९०० मध्ये ७ टक्के होते. १९२२ मध्ये ते २१ टक्क्यांच्या वर गेले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते याहूनही अधिक होते, आणि ते खाली आणण्याचे उपायही कोलंबियाने हार्वर्डच्या आधीच योजले होते.

हार्वर्डचे अध्यक्ष ए. लॉरेन्स लॉवेल हे सरळ बोलणारे गृहस्थ असावेत. १९२२ मध्ये त्यांनी ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर उघड मर्यादा घालण्याची कल्पना पुढे आणली. तिच्यावर मोठा गदारोळ झाला आणि प्राध्यापकांच्या समितीने १९२३ मध्ये ती अमान्य केली. उघड मर्यादा अमान्य झाली, तेव्हा आडून घालावयाच्या मर्यादेचा विचार सुरू झाला. १९२६ मध्ये पहिल्या वर्षाची विद्यार्थिसंख्या एक हजारावर गोठविण्यात आली. जागाच मर्यादित म्हटल्यावर निवड अपरिहार्य झाली, आणि निवडीत केवळ विद्वत्तेला नव्हे, तर चारित्र्याला आणि व्यक्तिमत्त्वाला वजन द्यावयाचे ठरले. अर्जासोबत छायाचित्र मागविण्यात येऊ लागले. त्यापूर्वीच, १९२२ च्या सुमारास, अर्जात काही नवे प्रश्न आले होते: वडिलांचे जन्मस्थान कोणते, आईचे माहेरचे आडनाव काय, आणि जन्मापासून आपल्या किंवा वडिलांच्या नावात काही बदल करण्यात आला आहे काय. आडनावावरून जात ओळखण्याची विद्या ज्या देशात घरोघर अवगत आहे, त्या देशातील वाचकाला या प्रश्नांचा हेतू समजावून सांगण्याची गरज पडू नये. चतुर्थांशाच्या पुढे गेलेले ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण थोड्याच वर्षांत सुमारे १५ टक्क्यांपर्यंत खाली आले.

या घडामोडीत अभ्यासेतर उपक्रमांनी साक्षीदाराचे काम केले. चारित्र्य डोळ्यांनी दिसत नाही. त्याला पुरावा लागतो. फुटबॉलचा संघ, नौकानयन, वादविवादमंडळ, शाळेच्या नियतकालिकाचे संपादकपद हे तो पुरावा ठरले. जो मुलगा शाळा सुटल्यावर ट्राममधून घरी जाऊन वडिलांच्या दुकानात बसे, त्याच्यापाशी असला पुरावा नसे. त्याच्यापाशी गुण असत, आणि गुणांचा ढीग हीच मग संशयाची जागा होऊन बसली. अशा अभ्यासू मुलांना तेथील विद्यार्थ्यांच्या बोलीत जो तुच्छतादर्शक शब्द होता, त्याचा भावार्थ ‘घासू’ या शब्दात चांगला उतरतो. गुणपत्रिका कोणालाही तपासता येते, तिच्याविरुद्ध दाद मागता येते. चारित्र्याचा निवाडा मात्र करणाऱ्याच्या खोलीतून बाहेर येत नाही. परीक्षेला निवडीचा एकमेव मार्ग मानणे जेव्हा गैरसोयीचे होते, तेव्हा सर्वांगीण व्यक्तिमत्त्वाची आठवण होते, हा त्या काळाचा धडा होता. आणि तो केवळ अमेरिकेचा नव्हता.

सेसिल ऱ्होड्स १९०२ मध्ये निवर्तला. त्याने आपल्या मृत्युपत्रात ऑक्सफर्डच्या शिष्यवृत्त्यांसाठी विद्वत्तेबरोबरच मैदानी खेळांची आवड, पौरुष, धैर्य, दुर्बलांविषयी सहानुभूती आणि नेतृत्वाचे गुण यांची यादी घालून दिली होती. नुसते पुस्तकी किडे त्याला नको होते. साम्राज्य चालविण्यास माणसे हवी होती आणि ती घोड्यावर नीट बसणारी हवी होती, हा या यादीमागचा गृहीत अर्थ. ‘घोड्यावर’ हा शब्द येथे अलंकार म्हणून आलेला नाही. अरविंद घोष हे १८९० मध्ये इंडियन सिव्हिल सर्व्हिसची लेखी स्पर्धापरीक्षा उत्तीर्ण झाले. ग्रीक आणि लॅटिन या भाषांवर त्यांचे प्रभुत्व होते. दोन वर्षांच्या उमेदवारीनंतर १८९२ मध्ये ते अपात्र ठरले, ते अश्वारोहणाच्या चाचणीमुळे. ती त्यांनी जाणूनबुजून टाळली, असेच पुढे मानले गेले. त्यानंतर ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानात नोकरीस आले, आणि त्या चाचणीचा सर्वांत मोठा लाभ हिंदुस्थानास झाला असे म्हणावयास जागा आहे. पण अशी परतफेड इतिहासात प्रत्येकाच्या वाट्यास येत नाही. लॉवेल यांच्या कारकिर्दीत जी मुले हार्वर्डच्या दारातून परतली, त्यांतील बहुतेकांची नावेही शिल्लक नाहीत.

येथवरचा इतिहास वाचून या पद्धतीला सरसकट निकालात काढावे असे कोणास वाटेल. ते घाईचे होईल. शस्त्र एकाने घडवावे आणि ते दुसऱ्याच्या हाती जाऊन त्याचा उपयोग पालटावा, असे संस्थांच्या इतिहासात वरचेवर घडते. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकी विद्यापीठांवर कृष्णवर्णीयांना, स्त्रियांना, गरिबांना आत घेण्याचा नैतिक दाब आला, तेव्हा केवळ गुणांच्या उतरंडीने ते साधणारे नव्हते; कारण ती उतरंडही चांगल्या शाळा आणि सुस्थित घरे यांच्या पायावरच उभी होती. ‘सर्वांगीण’ निवड मग दार बंद करण्याऐवजी उघडण्यास वापरली जाऊ लागली. १९७८ च्या बाके खटल्यात न्यायमूर्ती लुईस पॉवेल यांनी हार्वर्डची प्रवेशयोजना आदर्श म्हणून पुढे ठेवली. आयडाहोतील शेतकऱ्याचा मुलगा बॉस्टनच्या मुलाला देता येणार नाही असे काही महाविद्यालयाला देऊ शकतो, अशा आशयाचा युक्तिवाद त्या योजनेत होता. हा युक्तिवाद पोकळ नाही. वर्ग ही परस्परांना शिकविणाऱ्यांची मंडळी आहे असे मानले, तर तिच्यात सारे एकाच साच्याचे नसावेत, हे कोणीही शिक्षक मान्य करील. परीक्षेत पहिला आलेला आणि नांगर धरलेला असे दोघे एका बाकावर बसले, तर लाभ दोघांचाही आहे.

मात्र उपक्रमांचा रकाना नांगर धरणाऱ्यासाठी कितपत उपयोगी पडला, याचा हिशेब अलीकडे हाती आला आहे. तो दोन ठिकाणांहून आला. पहिला न्यायालयातून. आशियाई वंशाच्या अर्जदारांना डावलले जाते या आरोपावरून हार्वर्डविरुद्ध भरलेल्या खटल्याची सुनावणी २०१८ मध्ये झाली आणि तेथील निवडपद्धतीची यंत्रणा उघड्यावर आली. प्रत्येक अर्जदाराला अभ्यास, अभ्यासेतर उपक्रम, क्रीडा आणि व्यक्तिगत गुण यांसाठी निरनिराळे मानांकन दिले जाई. १ हे सर्वोत्तम आणि ६ हे अखेरचे. या मानांकनांत आशियाई वंशाचे अर्जदार अभ्यासात सरासरीने पुढे होते, आणि अभ्यासेतर उपक्रमांतही पुढे होते. पियानो, व्हायोलिन, वादविवाद, विज्ञानस्पर्धा, जे जे मागितले ते ते त्यांनी आणून पुढे ठेवले होते. ते मागे पडत होते चौथ्या रकान्यात: व्यक्तिगत गुणांत. कनिष्ठ न्यायालयाला २०१९ मध्ये यात हेतुपुरस्सर भेदभाव आढळला नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२३ रोजी निराळ्या, अधिक व्यापक भूमिकेवरून हार्वर्डच्या विरुद्ध निर्णय दिला आणि प्रवेशात वंशाचा विचार घटनाबाह्य ठरविला. परंतु न्यायालयीन निष्कर्ष बाजूस ठेवूनही १९२६ ची आठवण होते. ज्यू मुलांनी परीक्षा जिंकली तेव्हा माप चारित्र्याकडे सरकले. आशियाई मुलांनी उपक्रमही जिंकले तेव्हा ते त्याहून अमूर्त अशा कशावर तरी जाऊन थांबले. स्पर्धकाने गाठावे आणि रेषा पुढे जावी, हा योगायोग एका शतकात दोनदा घडला.

दुसरा हिशेब अर्थशास्त्रज्ञांचा. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, प्रमाणित परीक्षेत सारखेच गुण असलेल्या मुलांमध्ये, सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतील मुले मध्यमवर्गीय घरांतील मुलांपेक्षा अतिप्रतिष्ठित विद्यापीठांत पोहोचण्याची शक्यता दुपटीहून अधिक असते. याची त्यांनी दाखविलेली कारणे तीन: माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप, खेळाडूंची निवड, आणि अभ्यासेतर गोष्टींना दिलेले वजन. पुढील आयुष्यातील यशाशी ताडून पाहता परीक्षेतील कामगिरीचा संबंध दिसून आला. या तीन गोष्टींचा तसा दिसला नाही. म्हणजे आयडाहोच्या शेतकऱ्याच्या मुलासाठी म्हणून ठेवलेल्या खिडकीतून प्रत्यक्षात बॉस्टनच्या श्रीमंताचा मुलगाच आत येत होता, आणि येताना त्याच्या हाती वल्हे होते. २०१९ मध्ये तर तेही खोटे निघाले. एका सल्लागाराने धनिक पालकांकडून पैसे घेऊन त्यांच्या मुलांना न खेळलेल्या खेळांचे खेळाडू म्हणून प्रवेश मिळवून दिल्याचे प्रकरण त्या वर्षी अमेरिकेत उघडकीस आले. छायाचित्रांत फेरफार करून मुलांना पाण्यात उतरविण्यात आले होते. हार्वर्डने छायाचित्र मागविण्यास आरंभ केल्याला तेव्हा नव्वदाहून अधिक वर्षे झाली होती.

या साऱ्याच्या मुळाशी एक साधी वस्तू आहे: मोकळा वेळ. उपक्रमाला शुल्क लागते, गाडी लागते, सोडावयास-आणावयास आई लागते. पण त्याहीपूर्वी लागतो तो कोणाचेही देणे नसलेला तास. अर्जातील ‘आठवड्याला किती तास’ हा रकाना गुणवत्तेइतकाच या मालकीचाही दाखला देतो. अमेरिकेतील काही शिक्षणतज्ज्ञांना हे उमगले नाही असे नाही. त्या सामाईक अर्जात ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ आणि ‘पगारी काम’ असे उपक्रमांचे प्रकार आज उपलब्ध आहेत. हार्वर्डच्याच शिक्षणशास्त्र विभागातून २०१६ मध्ये निघालेल्या एका अहवालाने घरासाठी केलेल्या कामाला मान द्यावा आणि उपक्रमांच्या लांबलचक याद्यांना उत्तेजन देऊ नये, अशी शिफारस केली. शिफारस उत्तम होती. तथापि, धाकट्या भावंडांना भरवून शाळेत येणाऱ्या मुलीला ते ‘उपक्रम’ आहे असे वाटत नाही. आणि ज्या मुलाला सल्लागार परवडतो, त्याला नव्या शिफारशीनुसार घरकामाची भाषाही शिकविता येते. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांनी या बाबतीत आपले घर बरेच साधे ठेवले आहे. अर्जदाराला त्याच्या विषयात किती गती आहे, एखादा अनोळखी प्रश्न समोर आल्यावर तो कसा विचार करतो, हे तेथे चाचणीतून आणि मुलाखतीतून पाहिले जाते; नौकानयनाचे वेड त्याला लागावयाचेच असेल, तर ते प्रवेशानंतर लागते.

भारताची कहाणी नेमकी उलट्या टोकाची आहे. येथे गुण हेच सर्वस्व. जेथे ओळख, वशिला आणि जात यांचा शिरकाव होऊ शकतो तेथे निर्विकार अंक बरा, या अनुभवातून आलेला हा विश्वास आहे, आणि तो खोटा नाही. महाराष्ट्रातील सर्वसामान्य पालक गुणपत्रिकेवर जी श्रद्धा ठेवतो, ती भाबडी म्हणून हसण्यावारी नेण्याजोगी नाही. मुलाखत नावाच्या बंद खोलीत आपल्या मुलाचे काय होईल हे त्याला पुरते ठाऊक असते. मात्र या श्रद्धेची किंमतही मोठी आहे. दिल्लीतील श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्सने २०११ मध्ये बारावीला वाणिज्य शाखा न घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी प्रवेशाची रेषा १०० टक्क्यांवर नेली, तेव्हा शंभरापलीकडे मोजावयास काही उरले नाही. कोटा काय किंवा लातूर काय, या गावांची नावे आता गावांपेक्षा अभ्यासाच्या एका रीतीची नावे झाली आहेत. मराठी मध्यमवर्गीय घरांत दहावीचे वर्ष उजाडले की तबल्याची जोडी खोळीत घालून कपाटावर जाते. ‘एवढी दोन वर्षे, मग आहेच की’, असे त्या वेळी सांगितले जाते. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी घरात त्याच वयाच्या मुलाचा तोच तबला थांबवू दिला जात नाही, भरतनाट्यमचे अरंगेत्रम शाळा संपण्यापूर्वी व्हावे असा आग्रह असतो. आणि या आग्रहाच्या कारणांत संस्कृतीच्या ओढीबरोबर तो दहा रकान्यांचा अर्जही असतो. एकाच आजीची दोन नातवंडे. प्रवेशासाठी एकाचा तबला बंद पडला, प्रवेशासाठीच दुसऱ्याचा चालू राहिला. तबल्याच्या बाजूने कोणी विचार केला असेल असे दिसत नाही.

गुणांची ही एकाधिकारशाही थोडी सैल करण्याचे प्रयत्न भारतात झाले आहेत आणि होत आहेत. दिल्ली विद्यापीठात खेळ आणि अभ्यासेतर उपक्रम यांसाठी मिळून ५ टक्क्यांपर्यंत अधिसंख्य जागा ठेवण्याची प्रथा आहे. तिचे वैशिष्ट्य असे की, तेथे नुसते वर्णन चालत नाही. गाणाऱ्याला परीक्षकांपुढे गावे लागते, नाचणाऱ्याला नाचावे लागते. १५० अक्षरचिन्हांपेक्षा दहा मिनिटांची बंदिश अधिक विश्वसनीय, हे मान्य करावयास हवे. महासाथीमुळे २०२० मध्ये अशा चाचण्या घेणे अशक्य झाले, तेव्हा या जागा केवळ राष्ट्रीय छात्रसेना आणि राष्ट्रीय सेवा योजना यांपुरत्या, प्रमाणपत्रांच्या आधारे, राहिल्या. गळा बंद झाला आणि कागद उरला. मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने २०२४-२५ पासून खेळाडूंसाठी, आणि त्याच्या पुढील वर्षापासून ललितकला व संस्कृती यांतील गुणवंतांसाठी, प्रत्येक अभ्यासक्रमात दोन अधिसंख्य जागा ठेवल्या आहेत. त्यांतील एक मुलींसाठी आहे. प्रवेशपरीक्षेची पात्रता मात्र त्यांनाही सुटलेली नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तर अभ्यास आणि अभ्यासेतर यांच्यातील भिंतच नको असे म्हटले आहे. भिंत पडल्यावर दोहोंचा अभ्यासच होऊन बसणार नाही ना, ही शंका मात्र त्या धोरणाला पडलेली दिसत नाही.

ती शंका निराधार नाही. महाराष्ट्रात शासकीय रेखाकला परीक्षांची परंपरा जुनी आहे. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट ही नावे खेड्यापाड्यांतील शाळांतूनही परिचित आहेत, आणि अनेक चित्रकारांचा पहिला ब्रश त्या परीक्षेच्या निमित्ताने हाती आला आहे. पुढे या परीक्षेतील श्रेणीनुसार दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळू लागले. खेळाडूंना आणि शास्त्रीय व लोककलांतील विद्यार्थ्यांनाही तशी सवलत मिळाली. हेतू चांगला होता. पण वाढीव गुणांसाठी काढलेल्या स्थिरचित्राची गंमत अशी की, ते निकालाच्या दिवशी पुरे होते. त्यानंतर रंगपेटी पुन्हा उघडावी असे फारच थोड्यांना वाटते, आणि ज्यांना वाटते त्यांना ते गुणांवाचूनही वाटले असते.

याच्या उलट उदाहरण पुण्यातच आहे. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ पासून आंतरमहाविद्यालयीन एकांकिकांची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा चालविली. या करंडकाने कोणाला पदवीच्या प्रवेशात हक्काचे गुण दिले नाहीत. तालमी रात्री उशिरापर्यंत चालत, हजेरी बुडे, घरी बोलणी बसत. विद्यार्थी मात्र नाटकाच्या नादाने महाविद्यालयाची निवड करीत, असे पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या घडत आले: महाविद्यालयाने उपक्रमावरून विद्यार्थी निवडण्याऐवजी विद्यार्थ्याने उपक्रमावरून महाविद्यालय निवडले. श्रीराम लागू, जब्बार पटेल, मोहन आगाशे हे तिघेही पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. अभिनय किंवा दिग्दर्शन ही वैद्यकाच्या प्रवेशाची कसोटी कधीच नव्हती. त्यांच्या अर्जात रंगभूमीचा रकाना असता, तर मराठी नाटकाला त्याने अधिक काही दिले असते असे समजण्यास आधार नाही. छंद कोणी मोजत नव्हते म्हणून तो त्यांना परवडला, असेही म्हणता येईल. पण ‘परवडला’ हा शब्दही जपून वापरला पाहिजे. रात्रीची तालीम करण्यास रात्र मोकळी असावी लागते, आणि ती सर्वांची तशी नसते.

ज्यांची ती मोकळी नव्हती अशा मुलांसाठी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात निराळी वाट काढली. रयत शिक्षण संस्था त्यांनी १९१९ मध्ये स्थापन केली. १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले, ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. मुलांनी शेतात राबावयाचे, बांधकामावर काम करावयाचे आणि त्या मोबदल्यात शिकावयाचे. तेथे श्रम प्रवेशाचे आभूषण नव्हते. शिक्षण चालू राहण्याची ती अट होती. ‘राबणे’ हे क्रियापद त्याच्या मूळ अर्थाने वापरावे असा हा उपक्रम. पुढे अनेक विद्यापीठांनी ही योजना आपलीशी केली, आणि आजही महाराष्ट्रातील महाविद्यालयांत विद्यार्थी तीखाली काम करताना दिसतात: कोणी ग्रंथालयात पुस्तके लावतो, कोणी कार्यालयात टपाल नोंदवितो, कोणी बागेला पाणी घालतो. दिल्लीच्या उपक्रमांच्या यादीत संगीत, नृत्य, नाट्य, वक्तृत्व, प्रश्नमंजूषा, योग हे सारे आहे. ‘कमवा आणि शिका’ तीत नाही. त्या विद्यार्थ्यांच्या कामाची नोंद मात्र चोख ठेवली जाते. कोणत्या दिवशी कोण आला, किती तास काम केले, हे वहीत लिहून त्यावर स्वाक्षरी घेतली जाते. महिनाअखेर त्या तासांचे मानधन निघते आणि वही कपाटात जाते.